मकतब, मदरसा आणि शाळा: नाव घालण्याआधी

 

मे महिना निघाला की आपल्या गटाच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबाआधी एकच विषय निघतो: पोरले कोन्ती शायामा टाकानं? यंदा दोंडाईच्याच्या आसपासच्या तीन-चार गटांत मला सारखाच प्रश्न आला. शहरांमधून आता ‘इस्लामिक स्कूल’ नावाच्या खासगी शाळा निघाल्या आहेत. बालवाडीपासून दहावीपर्यंत. तिथं कुराणही शिकवतात, गणित-इंग्रजीही शिकवतात. फी असते, व्हॅन असते, काही ठिकाणी वसतिगृह असतं. मुस्लिम बहिणी विचारतात, तिथं मुलाला घालावं का? बाकीच्या बहिणी विचारतात, हे नक्की असतं काय, मदरसाच ना? आज दोघींसाठी बोलते.

आधी शब्द सोडवून घेऊ, कारण आपण सगळ्याला सरसकट मदरसा म्हणून मोकळ्या होतो.

मशिदीत किंवा कुणाच्या घरी भरणारा तास-दोन तासांचा वर्ग म्हणजे मकतब. पोरं शाळेच्या आधी किंवा संध्याकाळी जातात, जशी आपल्या गावात काही पोरं हरिपाठाला जाऊन बसतात तशी. तिथं ‘कायदा’ शिकवतात. हा कायदा कोर्टातला नव्हे. अरबी अक्षरओळखीच्या पुस्तकाला कायदा म्हणतात. मग कुराण बघून वाचायला शिकवतात. कुराणाचे तीस भाग आहेत, त्यांना सिपारे म्हणतात. मकतबात जाणारी बहुतेक पोरं अकरा वाजता दप्तर घेऊन जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतच असतात.

मदरसा पूर्णवेळ असतो आणि बहुधा निवासी. तिथं दोन मुख्य वाटा. एक हिफ्ज, म्हणजे अख्खं कुराण तोंडपाठ करणं. ते करणारा मुलगा हाफिज, मुलगी हाफिजा. दुसरी आलिम होण्याची, ज्यात अरबी भाषा, हदीस, धर्मशास्त्र असं बरीच वर्षं शिकावं लागतं. राहणं-जेवण बहुतेक ठिकाणी मोफत, कारण खर्च जकात आणि देणग्यांतून चालतो. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के हिस्सा. तो गरिबांसाठी काढणं ऐपत असलेल्या मुसलमानावर बंधनकारक आहे.

आणि मदरशात मुलं किती? सगळी मुस्लिम पोरं मदरशात जातात असं आपल्यातल्या पुष्कळ जणी धरून चालतात. २००६ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने देशभराची आकडेवारी मांडली. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी निघाली शंभरात तीन-चार. बाकीची आपल्या पोरांसारखीच सरकारी-खासगी शाळांत होती, आणि जी नव्हती ती कामाला होती किंवा घरी होती.

तिसरी उर्दू शाळा. उर्दू ही भाषा आहे, धर्म नाही. जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित संस्थेची उर्दू शाळा मराठी शाळेसारखीच असते. पुस्तकं बालभारतीची, परीक्षा राज्याच्या बोर्डाची. माध्यम तेवढं उर्दू.

आजचा विषय आहे तो चौथा प्रकार. खासगी शाळा, एखाद्या ट्रस्टची किंवा सोसायटीची, बहुधा इंग्रजी किंवा उर्दू माध्यमाची. दिवसातले एक-दोन तास कुराण, अरबी आणि दीनियात, म्हणजे नमाज, वागणूक, पैगंबरांचं चरित्र यांचं शिक्षण. बाकी वेळ नेहमीचे विषय. मुलींच्या गणवेशात ओढणी किंवा हिजाब, वरच्या वर्गांत मुलींची तुकडी वेगळी, सुट्टी पुष्कळदा शुक्रवारी, रमजानमध्ये वेळ बदललेली. पालकांना यात आवडतं ते स्पष्ट आहे. एका आपांनी बैठकीत सांगितलं, “पोरगा सकाळी मकतब, दुपारी शाळा, संध्याकाळी ट्यूशन करून दमून जातो. इथं एका ठिकाणी होतं.” मला हे पटलं. मिशनऱ्यांच्या शाळेत सकाळी प्रार्थना होते, काही संस्थांच्या शाळांत गीतापाठ होतो, तिथंही आईबाप आनंदाने पोरं घालतात. आपल्या धर्माचं दोन अक्षरं लेकराला यावं असं वाटण्यात वावगं काही नाही. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याक समाजांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलेला आहे.

ही कल्पना काही आजची नाही. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था निघाली. बद्रुद्दीन तय्यबजी त्यात पुढे होते, तेच पुढे १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मुसलमानांची मुलं इंग्रजी शिक्षणात मागे पडतायत, आणि धर्म सुटेल या भीतीने आईबाप त्यांना शाळेत घालत नाहीत, हा तेव्हाचा पेच होता. त्याला त्यांनी उत्तर शोधलं ते असं की आपलीच शाळा काढू, तिथं दोन्ही शिकवू. जळगावात इक्रा एज्युकेशन सोसायटी आहे, तिचं एच. जे. थीम महाविद्यालय मेहरूणला आहे. ‘इक्रा’ या अरबी शब्दाचा अर्थच ‘वाच’. पैगंबरांना पहिला संदेश आला तो याच शब्दाने, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे.

आपल्याला सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात मोठं उदाहरण अक्कलकुव्याचं. नंदुरबार, तळोदा ओलांडून पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी. काठीची राजवाडी होळी ज्या तालुक्यात होते तोच हा तालुका. १९७९ साली मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी तिथं जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केली, तेव्हा अक्कलकुवा आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. वस्तानवी मूळ गुजरातच्या सुरत जिल्ह्यातले. सुरुवात सहा विद्यार्थ्यांवर झाली. आदिवासी डोंगरी तालुका, ना मोठा बाजार ना रेल्वे. तिथं आज मदरशाच्या बरोबरीने शाळा आहेत, पॉलिटेक्निक आहे, अभियांत्रिकी आहे, औषधनिर्माणशास्त्राचं म्हणजे फार्मसीचं कॉलेज आहे, युनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे. याच संस्थेने जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ वरुडीला वैद्यकीय महाविद्यालय काढलं.

वस्तानवी जानेवारी २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या दारुल उलूमचे प्रमुख झाले. देवबंद म्हणजे मदरशांच्या जगातली फार मोठी गादी. पण वाद झाला आणि त्याच वर्षी जुलैत त्यांना पायउतार व्हावं लागलं. ४ मे २०२५ रोजी ते वारले. मला त्यांच्या गादीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एका मौलानाला आपल्या आवारात फार्मसी आणि पॉलिटेक्निक काढावंसं वाटलं, कारण नुसत्या धार्मिक शिक्षणावर पोराला रोजी मिळत नाही हे तो रोज बघत होता. मोठ्या शहरापासून दूर, दगडाधोंड्यांच्या तालुक्यात हे घडलं. त्यामुळे ‘आमच्याकडे दीन शिकवतो, बाकीचं काय करायचं’ असं जर कुणी संस्थाचालक म्हणाला, तर त्याला अक्कलकुव्याचं नाव सांगता येतं.

आता मुख्य मुद्दा. नावात ‘स्कूल’ असलं म्हणजे ती शाळा असतेच असं नाही.

एका गटातल्या बहिणीची मुलगी. नाव-गाव सांगत नाही. आठव्या वर्षी तिला दूरच्या एका निवासी संस्थेत घातलं. पाटीवर इंग्रजीत स्कूल लिहिलेलं. पोरगी हुशार. पंधराव्या वर्षी परत आली तेव्हा अर्धं कुराण पाठ, उर्दू अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी वाचता येत होतं. आईने नववीत नाव घालायला नेलं तर मुख्याध्यापकांनी दाखला मागितला. संस्थेने दिलेल्या कागदावर शिक्का होता, पण शाळेचा नंबर नव्हता. सात वर्षं पोरगी शिकली आणि सरकारच्या दफ्तरी ती दुसरीतून गळालेली. मग घरात बोलणं सुरू झालं की आता एवढ्या मोठीला पुन्हा कुठं बसवायचं, स्थळ बघू.

हे होतं कसं? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, २०१० पासून लागू. त्या कायद्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, चालवली तर एक लाखापर्यंत दंड आहे. पण २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्यातून वगळल्या गेल्या. त्यामुळे एखादी संस्था पाटीवर स्कूल आणि कागदावर मदरसा अशी राहू शकते. २०१५ साली आपल्या राज्य सरकारने सांगितलं की जे मदरसे गणित, विज्ञान, समाजशास्त्र, इंग्रजी असे विषय शिकवत नाहीत तिथली मुलं शालाबाह्य धरली जातील. त्यावर बराच गदारोळ झाला. दुसरीकडे डॉ. झाकीर हुसेन यांच्या नावाची मदरसा आधुनिकीकरण योजना आहे. हे विषय शिकवायला तयार असलेल्या मदरशांना त्यात अनुदान मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये या योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन महिना ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचं ८ हजारांवरून १८ हजार झालं. म्हणजे दार बंद नाही. पण कोणती संस्था दाराच्या आत आहे आणि कोणती बाहेर, हे आईनेच बघायचं.

बघायचं कसं, तर पहिला प्रश्न: यू-डायस नंबर काय? तो अकरा आकडी असतो, महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो. गटाच्या मोबाइलवाल्या ताईने तो वहीत लिहून घ्यावा आणि केंद्रप्रमुखांना किंवा पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावं. दोंडाईचा परिसरासाठी ते शिंदखेड्याला. काही संस्थाचालक ट्रस्टच्या नोंदणीचा कागद पुढे करतात. मैत्रिणींनो, धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदला म्हणजे शाळेला मान्यता मिळाली असं होत नाही. आपल्या गटाचं बँकेत खातं उघडलं म्हणजे कर्ज मंजूर झालं का? तसंच हे.

दुसरा प्रश्न विचारायला बायका विसरतात: मान्यता कितवीपर्यंत? पुष्कळ ठिकाणी ती आठवीपर्यंतच असते आणि वर्ग मात्र दहावीपर्यंत भरतात. नववी-दहावीच्या पोरांचे फॉर्म मग दुसऱ्याच शाळेतून भरले जातात. दहावीची परीक्षा धुळे, जळगाव, नंदुरबार, नाशिक या जिल्ह्यांसाठी बोर्डाचं नाशिक विभागीय मंडळ घेतं आणि प्रत्येक शाळेला बोर्डाचा इंडेक्स नंबर असतो. ‘तुमच्या शाळेच्या नावाने दहावीची पहिली बॅच कधी बसली?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी चेहऱ्यावरून कळतं.

तिसरं, शाळेच्या रजिस्टरला जात काय लिहिली. हा मुद्दा मुस्लिम बहिणींनी नीट ऐका. पिंजारी, मन्सुरी, बागवान, मोमीन असे अनेक समाज आपल्या राज्यात इतर मागासवर्गात आहेत. यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल तर अनुसूचित जमातीत आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलं आणि घरच्यांनी लक्ष दिलं नाही, तर पुढे जातीचा दाखला काढताना फेऱ्या मारून चपला झिजतात. आजोबांच्या किंवा वडिलांच्या दाखल्यावर जे आहे ते बघून, पहिल्याच दिवशी तसंच्या तसं लिहून घ्या. शिष्यवृत्ती, फी-माफी, सगळं त्या एका ओळीवर उभं राहतं.

मराठी शिकवतात का, हेही विचारा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, कुठल्याही माध्यमाच्या, मराठी शिकवणं सक्तीचं आहे. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हापासून मुस्लिम मुलांनी मराठी शाळेत जावं की उर्दू हा वाद चालू आहे. मी त्या वादात पडत नाही. पण तलाठ्याकडे, दवाखान्यात, पोलीस भरतीत, अंगणवाडीच्या जागेसाठी मराठीच लागते हे आपण रोज बघतो. आपल्या भाभी बैठकीत अहिराणी फडाफडा बोलतात आणि ठरावावर सही करताना ‘ताई, काय लिहिलंय ते वाचून दाखवा’ म्हणतात. मुलीवर ती वेळ का आणायची?

आता पैशाचं, जे माझं खरं काम. खासगी शाळा बहुतेक स्वयंअर्थसहाय्यित असतात, म्हणजे सरकारचा रुपया नाही. तिथं मोफत पाठ्यपुस्तकं नाहीत, दुपारची खिचडी नाही. ते आपण सरकारी आणि अनुदानित शाळांत धरूनच चालतो, म्हणून हिशोबात येत नाही. शिक्षण हक्कातल्या २५ टक्के मोफत जागांचा नियमही इथं लागत नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना त्या कायद्यातून बाहेर ठेवलं. काही शाळा गरीब मुलांची फी जकातीतून भरतात. लाज न बाळगता विचारावं, आणि मिळत असेल तर किती वर्षं मिळेल ते लिहून घ्यावं. पहिलीला माफ आणि चौथीला पूर्ण फी, असं झालं तर पोर मध्येच काढावं लागतं.

समजा फी वर्षाला १२ हजार आहे आणि ती गटातून कर्ज काढून भरली. दरमहा शेकडा दोन व्याज, दहा हप्ते, दर महिन्याला मुद्दल १,२०० आणि उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज २४०, शेवटच्याचं २४. सगळं मिळून व्याज १,३२०. म्हणजे फी १३,३२० ला पडली. व्हॅन, गणवेश, पुस्तकं, डबा वेगळे. आणि हे एका लेकराचं, एका वर्षाचं. दहावीपर्यंत दहा-बारा वर्षं आहेत.

त्यात फी मागतात जूनमध्ये. जूनमध्ये आपल्याकडे कुणाच्या हातात काय असतं? कापसाचं बियाणं, खत, सगळं तेव्हाच. मिरचीच्या पथारीवर देठ खुडायची मजुरी सुरू होते दिवाळीच्या आसपास. म्हणून जूनमध्ये थोडी, बाकी दिवाळीनंतर, असे हप्ते बांधून द्या असं एकटीने न म्हणता आठ-दहा जणींनी मिळून शाळेला म्हणावं. एका गटाने असं केलं आणि शाळेने ऐकलं. शाळेलाही पोरं हवीच असतात.

आणखी एक बघते मी. घरात एक पोरगा, एक पोरगी. पोरगा इंग्रजी माध्यमाच्या इस्लामी शाळेत व्हॅनने, पोरगी गावातल्या शाळेत पायी. किंवा उलटं: पोरग्याला कॉम्प्युटर, पोरीला ‘निदान दीन तरी शिकू दे’ म्हणून बिनमान्यतेच्या वसतिगृहात. दोन्हीकडे हिशोब तिच्याच नावावर कमी पडतो. हे फक्त मुस्लिम घरांत होतं असं कुणी मनात आणू नका, आपल्या सगळ्यांच्या घरांत होतं.

मुलीला वसतिगृहात ठेवणार असाल तर रात्री तिथं बाई राहते का, आई केव्हाही भेटू शकते का, मुलीला घरी फोन करू देतात का हे बघा. मान्यता असलेल्या शाळेत मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. २०२२ पासून शासनाचा तसा आदेश आहे. समितीत कोण आहे ते विचारा, तक्रारपेटी कुठं आहे ते बघा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर मुलीला पाठ करून द्या.

दहावीनंतरचं आत्ताच ठरवावं. शाळा दहावीपर्यंतच असली आणि मुलींची तुकडी वेगळी असली की घरात सवय लागते, मग अकरावीला ‘मिश्र कॉलेजात नको’ म्हणून शिक्षण थांबतं. याचा दोष मी शाळेला देत नाही, पण शाळेत घालतानाच नवऱ्याला, सासूबाईंना विचारून ठेवावं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेत. २०२४-२५ पासून वर्षाला ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या, इतर मागास, आर्थिक दुर्बल अशा प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकार भरतं. फार्मसी त्यात आलं. मघाशी रजिस्टरच्या रकान्याचं बोलले ते याचसाठी.

फोनवर एका ताईंनी विचारलं, गावाजवळ हीच एक इंग्रजी शाळा आहे, आम्ही हिंदू, मुलाला घातलं तर त्याला कुराण शिकवतील का? घटनेचं कलम २८ सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. संमती नसेल तर अर्ज लिहून द्यायचा, त्याची पोच घ्यायची. हेच मुस्लिम मुलाला इतर कुठल्या संस्थेच्या शाळेत घालणाऱ्या आईलाही लागू आहे.

आणि ती पंधरा वर्षांची मुलगी. तिच्या दुसरीच्या दाखल्यावर दहावीचा १७ नंबरचा फॉर्म भरता येत नव्हता, कारण बाहेरून बसायला किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण असावं लागतं. मग मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची वाट सापडली. तिथं १४ वर्षं पूर्ण असली की मागच्या दाखल्याशिवाय दहावीला नाव घालता येतं, आणि विषय एकेक करून सोडवता येतात. तिने उर्दू घेतलं आहे, गृहविज्ञान घेतलं आहे, गणित सोडलेलं नाही. सकाळी ती गल्लीतल्या लहान पोरींना सिपारा शिकवते आणि दुपारी स्वतःचं पुस्तक काढते. ज्या गटांत अशा मुली असतील त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत मला नावं द्या. १७ नंबरच्या फॉर्मच्या तारखा बोर्ड बहुधा पावसाळ्यात जाहीर करतं, आणि जन्माचा दाखला, आधार कार्ड, फोटो आधीच गोळा करून ठेवलेले बरे.